कौशल्याबाईचा कळप

शिरड शहापूरच्या शिवारात कौशल्याबाईचं घर विचारलं तर लोक आधी हसतात. "कोण, किड्यांशी बोलती ती? ते काय, तुतीच्या पलीकडं." तिच्या कानावर हे जायचं, पण तिला राग यायचा नाही. "जित्राब हाय," म्हणायची, "जित्राबाशी बोलावंच लागतं. न्हाई तर त्याला काय कळणार, आपलं माणूस आलंय का परकं?"

ती हटकर धनगराच्या घरात जन्मली. चालता येऊ लागलं तशी मेंढरांमागं गेली आणि लग्न होऊन आली तीही मेंढरांच्याच घरात. नवरा रामकिशन मोजकं बोलणारा, अंगानं काटक माणूस. दोघांनी मिळून कळप वाढवला, मुलगी दिपाली वाढवली. पण हळूहळू गायरानं नांगराखाली गेली. बांधावरचं गवत तणनाशकानं पिवळं पडायला लागलं. कुठल्या बांधावर काय मारलंय याचा भरवसा राहिला नाही, तेव्हा रामकिशननं एके दिवशी कळप जवळा बाजारच्या बाजारात नेला आणि रिकाम्या हातानं घरी आला. त्यानंतर कौशल्याबाई कितीतरी दिवस पहाटे उठून मेंढरांच्या वाड्याच्या झापापाशी जाऊन उभी राहायची. आत काही नसायचं. झाप उघडायची, परत लावायची.

तुतीवरच्या रेशीमकिड्यांचं काम तिनं पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नात. नवरीच्या घरामागं शेड होती. आत मांडण्यांवर पाला पसरलेला आणि पाल्यावर पांढरट, करंगळीएवढ्या अळ्या. हजारोंनी. सगळ्या माना खाली घालून खाताहेत. बाई तिथंच उभी राहिली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, रामकिशन शोधत आला तेव्हा ती त्याला म्हणाली,

"अवं, हे तर मेंढरावाणी खाऊन राहिले. पाहा ना, एकानं मान उचलली की शेजारचंबी उचलतंय."

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या रानात तुती लागली. शेड उभी राहिली. तेव्हापासून ती अळ्यांना 'कळप' म्हणायला लागली. "कळपाला चारून येते," म्हणायची आणि चपला बाहेर काढून, हातपाय धुऊन आत जायची. अळ्या कात टाकायला झोपल्या की घरात भांडंसुद्धा आपटू द्यायची नाही.

रेशमाचं शिकवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं की या किड्याला तंबाखू चालत नाही. खाणाऱ्याच्या बोटाचा अंश पाल्याला लागला तरी तो मरतो. रामकिशनची चंची मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. त्यानं दोन दिवस विचार केला आणि ती चंची शेजारच्या जळबाच्या हातात ठेवली. "मेंढरापायी लांडग्याच्या अंगावर गेलो," तो म्हणाला, "आता किड्यापायी तंबाखू सुटली. या बाईनं मला कुठं कुठं न्यावं!" पण पुन्हा त्यानं तंबाखूला हात लावला नाही.

जळबा आणि मिराबाईचं रान बांधाला बांध. त्यांची कपाशी, इकडं तुती. मिराबाई आणि कौशल्याबाई एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. मिराबाईला एकच पोरगं झालं, आणि ते तिसरीत असताना विहिरीत पडून गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मिराबाईला विहिरीकडं पाहवायचं नाही. तिच्या घरचं पाणी कौशल्याबाईनं भरलं. आपल्या घरचं आधी, मग तिच्या घरचं, बोलून न दाखवता. नळ येईपर्यंत हे चाललं.

कपाशी म्हटलं की औषध आलंच. गावात विषाला कुणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतात. पण दोघींनी आपसात रीत पाडून घेतली होती. फवारणीच्या आदल्या दिवशी मिराबाई बांधावरून हाक द्यायची, "कौसे, उद्या औषध हाय. पाला तोडून घे!" कौशल्याबाई तेवढा पाला तोडून ठेवायची आणि मग बांधालगतच्या ओळींना बरेच दिवस हात लावायची नाही. वारा तुतीकडं असला तर मिराबाई फवारणी पुढं ढकलायला लावायची. जळबा कुरकुरायचा, पण ऐकायचा. आणि कोष काढायच्या दिवशी मिराबाई सकाळीच येऊन बसायची. अळ्या जिच्यावर कोष विणतात त्या चंद्रिकेच्या जाळीतून दोघी कोष वेचायच्या, गप्पांना ऊत यायचा.

गेल्या भादव्यात पावसानं ओढ दिली. ऊन असं पडलं की जणू चैत्र. त्यातच कौशल्याबाईला ताप भरला. सांधे धरले, बोटं मिटेनात. हिंगोलीला दिलेली दिपाली फोनवर रडायची. "माय, इकडं ये ना दवाखान्यात. तुझे किडे काय पळून जाऊन राहिले?"

"आत्ताच चौथी झोप झाली त्यांची," कौशल्याबाई म्हणाली. "आता खरं खाणं हाय. एवढे दिवस निघू दे, ते कोषाला बसले की येते."

रामकिशननं सगळं अंगावर घेतलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ फांद्या कापायच्या, डोक्यावरून आणायच्या, मांडणीवर अंथरायच्या. मध्येच बायकोला पेज द्यायची, तिचे पाय चेपायचे. सारखी रानात फेरी नको म्हणून तो एकाच वेळी जास्त पाला कापून आणायला लागला. आणलेला पाला सुकू नये म्हणून शेडच्या बाजूच्या खोलीत ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायचा असतो. तिची गोणपाटं तेवढ्या ढिगाला पुरेनात, तेव्हा त्यानं गोठ्यातलं आणखी एक आणलं, पाण्यात बुडवलं आणि पाल्यावर घातलं. पडल्यापडल्या ती विचारायची, "पाला ताजा हाय ना?" तो म्हणायचा, "आत्ता तोडल्यावाणी."

एका सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"काय झालं?"

"उठती का जरा? कळप खाऊन न्हाई राहिला."

ती भिंत धरत गेली. शेडच्या दाराशीच तिला कळलं, कारण आतून आवाज नव्हता. एरवी त्या खाण्याचा अखंड आवाज असतो, पुढं पुढं माणसाला तो ऐकू येईनासा होतो इतका. आता मांडण्यांवर पाला तसाच हिरवागार होता. अळ्या पाल्यावर डोकी वर काढून डोलत होत्या, इकडून तिकडं, तिकडून इकडं. कित्येकींच्या तोंडातून हिरवट पाणी गळत होतं. काहींचं अंग आखडून निम्मं झालं होतं. एकीमागून एक त्या कडेवरून खाली टपटप पडत होत्या. कौशल्याबाईनं एक उचलून तळहातावर घेतली. ती तिच्या हातावरही मान हलवत राहिली, मग वळली आणि थांबली.

"औषध हाय हे," कौशल्याबाई म्हणाली. "औषधच हाय."

"जळबानं परवा मारलं कपाशीला," रामकिशन हलक्या आवाजात म्हणाला. "पण मी बांधाकडचा पाला तोडला न्हाई गं. तू सांगितलं तसंच केलं."

तिनं पुढचं ऐकलंच नाही. अंगात ताप, केस सुटलेले, पायात काही नाही, तशी ती मिराबाईच्या घरापुढं जाऊन उभी राहिली. मिराबाई अंगणात तूर पाखडत होती. नळावरच्या बायका वळून पाहायला लागल्या.

"मारलं ना तुमी? मारलं माझ्या कळपाला?"

मिराबाई सूप खाली ठेवून उठली. "काय झालं, कौसे? मेले का किडे?"

"वरून विचारून राहिली! वारं पाहाया काय झालं व्हतं तुला?"

"पाह्यलं की. पदर धरून पाह्यलं मी, पदर तिकडं उडत व्हता, नदीकडं. मंगच यांना म्हणलं मारा. आन् तुला हाक बी देऊन गेले, तू तापात व्हतीस, भाऊजींना सांगितलं—"

"खोटं बोलू नको!"

"कुणाची शपथ घेऊ? खोटं न्हाई बोलून राहिले."

आणि तेव्हा कौशल्याबाई ते वाक्य बोलली. का बोलली, कुठून आलं, तिला आजही सांगता येत नाही.

"तुला तुझं एक सांभाळता आलं न्हाई, दुसऱ्याच्या जिवाची तुला काय कदर!"

नळावर भरून वाहणारी घागर कुणी बाजूला केली नाही. मिराबाईनं खाली वाकून सूप उचललं, त्यातली तूर सांडू न देता घरात नेली आणि दार लावून घेतलं.

दुपारपर्यंत सगळं संपलं. रामकिशननं तुतीच्या पलीकडं खड्डा खणला. टोपल्या भरभरून त्यानं अळ्या नेल्या, वर चुना टाकला. मांडण्या रिकाम्या होत गेल्या तशी कौशल्याबाई एका कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसून राहिली. कोषाला बसायला अगदी थोडे दिवस उरले होते त्यांचे. अंगं पिवळसर, चकाकती व्हायला लागली असती.

एक सूपभर अळ्या तेवढ्या त्यातून वाचल्या होत्या. काही अळ्या दरवेळी मागं राहतात, उशिरा झोपतात, उशिरा उठतात. तशा थोड्या तिनं आजारपणाआधी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्या अजून कातच टाकत होत्या, म्हणून गेले दोन दिवस त्यांना पाला घातलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या जाग्या झाल्या आणि डोकी उचलून खायला मागायला लागल्या. ताप थोडा उतरला होता. काय घालावं यांना, म्हणून ती तुतीत गेली.

आत शिरली आणि थांबली. फांदीफांदीत कोळ्यांची जाळी होती, आणि जाळ्यांत कोळी जिवंत होते. पानांमागं बारीक पांढरी चिलटं होती, हात लागताच उडाली. खोडावरून मुंग्या ओळीनं वर जात होत्या. ती चालत चालत बांधापर्यंत गेली, अगदी मिराबाईच्या कपाशीला लागून असलेल्या ओळीपर्यंत. तिथंही एक लाल ठिपक्यांचा किडा पानावरून निवांत चालला होता. औषध इथं उतरलं असतं तर आधी हे मेले असते.

तिनं त्याच ओळीची दोन पानं तोडली. ज्या पानांना तिनं एरवी हातही लावला नसता ती पानं. सुपातल्या दोन-चार अळ्यांना घातली आणि समोर बसून राहिली. त्यांनी खाल्लं. संध्याकाळीही खाल्लं, आणि सकाळीही त्या जिवंत होत्या.

मग ती पाल्याच्या खोलीत गेली. उरलेला ढीग तसाच पडला होता, गोणपाटं वाळली होती. तिनं पहिलं उचललं, दुसरं उचललं. तिसऱ्याखाली मुंग्या मरून पडल्या होत्या. मुठीनं उचलाव्यात इतक्या. त्यांच्यात दोन-तीन रातकिडे पाय वर करून पडलेले. तिनं ते गोणपाट नाकाशी नेलं. वास फार नव्हता, साबणाचा होता थोडा, आणि त्याच्या खाली दुसरा.

रामकिशन बाहेर मांडण्या धूत होता.

"हे कुठलं गोणपाट?" तिनं विचारलं.

"गोठ्यातलं. तुझी पुरेनात ना, म्हणून आणलं."

"गोठ्यात कशाला व्हतं?"

"हळदीला कंदमाशीचं औषध सोडलं न्हाई का आपण, तवा ड्रमाखाली घातलं व्हतं. थोडं सांडलं व्हतं त्याच्यावर. पण मी धुतलं की ते. साबण लावून धुतलं, दोन पाण्यातून काढलं, कुपाटीवर चांगलं वाळवलं, मंगच..."

बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. त्यानं तिच्या हातातल्या गोणपाटाकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं. मांडणीची काठी त्याच्या हातून सुटली आणि तो तिथंच ओल्या जमिनीवर खाली बसला.

"मी भिजवलं त्याला," तो म्हणाला. "रोज पाणी मारून राहिलो व्हतो त्याच्यावर. पाला सुकू नये म्हणून."

कौशल्याबाई त्याच्याजवळ बसली. तिला त्याच्यावर राग आणायचा होता, पण आला नाही. डोळ्यांपुढं एकच येत होतं: हा माणूस उन्हात उभा राहून, माठातलं गार पाणी ओंजळीनं त्या गोणपाटावर शिंपडतोय, आणि थेंब थेंब खाली पाल्यावर झिरपतोय.

"वैऱ्यानं केलं असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या," रामकिशन म्हणाला. "आता कुणाला देऊ?"

त्याच दिवशी दोघं मिराबाईच्या घरी गेली. कौशल्याबाई एकटीच जाणार होती, पण रामकिशन म्हणाला, "माझं मी सांगतो. नळावरच्या बायकांपुढं तिला बोलली तू, आता त्यांच्यापुढंच सांगू." आणि त्यानं खरंच नळाजवळ उभं राहून सांगितलं. ज्या माणसाचा आवाज गावानं कधी धड ऐकला नव्हता, तो डोक्याचं मुंडासं काढून हातात धरून सांगत होता की जळबाभाऊच्या औषधानं काही झालं नाही, माझ्या गोणपाटानं झालं. बायका घागरी न उचलता ऐकत राहिल्या.

मिराबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं.

"भाऊजी, तुमचा दोष न्हाई याच्यात. तुमी धुतलं व्हतं. धुतल्यावर बी राहतंय हे आपल्याला कुणी सांगितलं? डब्यावर तर इंग्रजीत लिव्हलेलं राहतं."

कौशल्याबाई पुढं झाली. तिनं मिराबाईचे पाय धरायला हात केला, पण मिराबाई मागं सरली.

"नको, कौसे. पाय धरू नको."

"मी तापात व्हते, मिरे. मला कळलं न्हाई मी काय बोलून राहिले."

"कळलं व्हतं तुला," मिराबाई शांतपणे म्हणाली. "तुलाच तर कळलं व्हतं. दुसरं कुणी बोललं असतं तर त्याला काय ठावं, म्हणून सोडून दिलं असतं. तू तर त्या दिवशी माझ्यासंगं व्हतीस. विहिरीवर तूच मला धरून बसली व्हतीस." थोडा वेळ ती दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. "किडे मेले याचं मलाबी वाईट वाटलं. त्या दिवशी मी बी जेवले न्हाई. पण किडे मारले औषधानं, आन् बोललीस ती तू."

तिनं दार लावलं नाही, पण आत ये असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं ती दोघं परतली.

सुपातल्या उशिराच्या अळ्यांनी कोष केले. मूठभर. बाजारात नेण्याजोगे नव्हतेच. शेड धुतली, चुन्यानं सारवली. दिवाळीनंतर कौशल्याबाईनं नवी चॉकी आणली, केसाएवढ्या बारीक अळ्या. रामकिशन तिच्यासाठी रानातून पाला आणायचा, पण शेडच्या दाराबाहेर ठेवायचा आणि मागं व्हायचा. आत पाऊल टाकायचा नाही. "या की आत," ती म्हणायची, "जड हाय मला." तो मान हलवायचा. "माझे हात नको लागाया." दिवसातून कितीदा तरी तो माती लावून हात धुवायचा, कोपरापर्यंत. ती खिडकीतून पाहायची आणि हाक मारायची नाही.

त्या बॅचचे कोष चांगले झाले, पांढरेशुभ्र, टणक. वेचायच्या दिवशी ती सकाळपासून दाराकडं पाहत होती. शेवटी एकटीच बसली आणि दिवस मावळेपर्यंत वेचत राहिली. शेडमध्ये जाळीतून कोष सुटल्याचा तेवढा आवाज होता.

मग हिवाळ्यात एकदा बांधावरून जाताना तिच्या लक्षात आलं. मिराबाईच्या कपाशीच्या बांधाकडच्या ओळी वेगळ्याच दिसत होत्या. पलीकडं बोंडं फुटून रान पांढरं झालं होतं आणि या ओळींची बोंडं काळी, भोकं पडलेली, अर्धवट उघडून सडलेली. तिनं एक बोंड तोडून फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. जळबा तिथंच बैलं चारत होता.

"जळबाभाऊ, इकडं औषध न्हाई मारलं का तुमी?"

जळबानं नजर टाळली. "हिनं मारू दिलं न्हाई. बांधाकडं पंप न्यायचाच न्हाई म्हणती. पुन्हा कुणी काही म्हणाया नको." तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मी म्हणलं, अगं, ते उलगडलंय आता सगळं. पण ऐकत न्हाई."

कौशल्याबाई घरी आली ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टिकाव काढला आणि बांधालगतची तुती खणायला लागली. त्याच ओळी सगळ्यांत जोमदार होत्या. पाटाचं पाणी पहिल्यांदा त्यांना मिळायचं. मुळं खोल गेलेली, बोटं अजून नीट मिटत नव्हती, एकेक झाड निघायला वेळ लागत होता. रामकिशन आला आणि तिच्या हातून टिकाव घेऊन खणू लागला. ती उपटलेली झाडं ओढून बाजूला टाकत गेली.

दुपारच्या सुमाराला बांधापलीकडं मिराबाई येऊन उभी राहिली. वेचणीला आली होती, कमरेला कापूस भरायचा ओटा बांधलेला.

"काहून काढून राहिलीस?" तिनं विचारलं. किती दिवसांनी तिचा आवाज असा बांधावरून आला होता.

"तुझ्या कपाशीला मोकळीक पायजे," कौशल्याबाई म्हणाली. "मार तू औषध. बिनघोर मार. माझा पाला आता तिकडं, लांब."

मिराबाई त्या उघड्या पडलेल्या मातीकडं पाहत राहिली, मुळांसकट आडव्या पडलेल्या झाडांकडं. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. कौशल्याबाई हातातली फांदी धरून वाट पाहत होती. पण मिराबाई वळली, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि कपाशीत शिरली. वाकून वेचायला लागली.

आता फवारणीचा निरोप येतो, पण तो जळबा रामकिशनला देतो, येताजाता, रस्त्यात. रामकिशन घरी येऊन सांगतो, "उद्या औषध हाय म्हणे." कौशल्याबाई मान हलवते आणि विळा घेऊन पाला तोडायला जाते.